मोटारशर्यतींचे अर्थकारण व शर्यतचालकांची प्रसिद्धिकर्तव्ये

मोटारशर्यती भरविण्यासाठी भांडवल उभे करणे, शर्यतींच्या दर्शनाचे व प्रक्षेपणाचे हक्क विकणे, जाहिरातदारांना त्यांत स्थान देणे आणि मिळालेल्या उत्पन्नाची संयोजक, संघ व चालक यांच्यात वाटणी करणे, या सर्व व्यवहारांचा समावेश मोटारशर्यतींच्या अर्थकारणात होतो. या व्यवहाराचा एक भाग म्हणून शर्यतचालकाला गाडी चालविण्याखेरीज पत्रकार परिषदा, मुलाखती, छायाचित्रण, प्रायोजकांचे समारंभ व प्रेक्षकांच्या भेटीगाठी यांसाठी ठरलेला वेळ द्यावा लागतो. या बांधिलकीस त्याची प्रसिद्धिकर्तव्ये म्हणतात. ती काही अंशी संघाशी केलेल्या करारातून आणि काही अंशी नियामक संस्थेच्या नियमांतून निर्माण होतात व ती टाळल्यास दंड होऊ शकतो.

इतर बहुतेक खेळांत प्रथम खेळ रुजला, त्याला प्रेक्षक मिळाले आणि मागाहून जाहिरातदार आले. मोटारशर्यतीचा क्रम निराळा आहे. ही शर्यत जन्मापासूनच कशाची तरी जाहिरात होती. प्रथम वृत्तपत्राची, नंतर मोटारगाडीची, पुढे सिगारेटची व अखेरीस स्वतःचीच. शर्यतीची गाडी बनविण्याचा खर्च इतका मोठा असतो, की प्रवेशशुल्कातून तो कधीच भरून निघत नाही. त्यामुळे हा खर्च सोसणारा कोण आणि त्याच्या मोबदल्यात तो काय विकत घेतो, या प्रश्नाच्या उत्तरावरच या खेळाचे स्वरूप वेळोवेळी ठरत गेले. चालकाच्या जीविताप्रमाणेच त्याच्या वाणीवरही या व्यवहाराचा परिणाम कसा झाला, हे या इतिहासावरून दिसून येते.

वृत्तपत्रांचा पुढाकार : मोटारगाड्यांची पहिली महत्त्वाची सार्वजनिक चाचणी २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रूआं या सु. १२६ किमी. अंतरावर झाली. तिचे संयोजन ‘ल पेती झुर्नाल’ या पॅरिसमधील दैनिकाने केले होते. वाफेवर चालणारी द दीआँ गाडी प्रथम पोहोचली. परंतु तिला भट्टीसाठी वेगळा माणूस लागत असल्यामुळे पहिले पारितोषिक पानार व प्यूजो यांच्या गाड्यांना विभागून देण्यात आले. पुढील वर्षी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, अमेरिकेत शिकागो येथे अशीच शर्यत ‘टाइम्स-हेरल्ड’ या वृत्तपत्राने घडवून आणली. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा मालक जेम्स गॉर्डन बेनेट (१८४१–१९१८) याने लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ स्टॅन्लीला आफ्रिकेत पाठविले होते. त्याच्याच नावाचा मोटारशर्यतीचा चषक १९०० ते १९०५ या काळात युरोपात लढविला गेला. वार्तेची वाट न पाहता ती घडवून आणावयाची आणि मग तिच्या बळावर अंक विकावयाचे, हे या मालकांचे धोरण होते. शर्यत आणि प्रसिद्धिमाध्यम यांचे नाते असे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

निर्माते व राष्ट्रीय रंग : बेनेट चषकाच्या नियमांनुसार प्रत्येक देशास फक्त तीन गाड्या उतरविता येत. फ्रान्समध्ये त्या काळी मोटारनिर्माते सर्वांत अधिक असल्याने त्यांना ही मर्यादा जाचक वाटली. फ्रेंच ऑटोमोबाइल क्लबने १९०६ साली ल मां येथे पहिली ग्रां प्री शर्यत भरविली, तीमागे हेच व्यापारी कारण होते. ती रेनॉ गाडीच्या फेरेन्क सिस या चालकाने जिंकली. गाड्यांचे रंग मात्र राष्ट्रांप्रमाणे ठरले : फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा, इटलीचा तांबडा व जर्मनीचा प्रथम पांढरा व पुढे रुपेरी. हे रंग सु. सहा दशके टिकले. शर्यत राष्ट्रांची आहे असे त्यांवरून भासे. प्रत्यक्षात पैसा मात्र निर्मात्यांचा, टायर व इंधन कंपन्यांचा आणि हौशी धनिकांचा असे. १९३० नंतरच्या दशकात मर्सेडीस-बेंझ व ऑटो युनियन या जर्मन संघांना नाझी राजवटीने अर्थसाहाय्य दिले, तेव्हा शर्यत ही राज्यसत्तेचीही जाहिरात झाली.

या काळात चालकाचे उत्पन्न मुख्यतः तीन मार्गांनी येई : पारितोषिके, निर्मात्याचे वेतन आणि शर्यतीत नुसते उतरण्याबद्दल संयोजकाने द्यावयाची रक्कम. ताझिओ नुवोलारी (१८९२–१९५३) याच्यासारख्या नामांकित चालकाच्या नावावर तिकिटे खपत. म्हणून त्याला अधिक रक्कम मिळे. ही रक्कम प्रत्येक संयोजक प्रत्येक संघाशी वेगळी घासाघीस करून ठरवी. फॉर्म्युला वन या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे सुरू झाली, तरीही ही पद्धत बदलली नाही. १९५५ साली ल मां येथील अपघातात ऐंशींहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्या वर्षाअखेरीस मर्सेडीस-बेंझने शर्यतींतून अंग काढून घेतले. निर्मात्याचे हितसंबंध बदलले की त्याचा पैसाही निघून जातो, हे दौर्बल्य त्यातून उघड झाले. चालकांपैकी ब्रिटनच्या स्टर्लिंग मॉस (१९२९–२०२०) याने स्वतंत्र व्यवस्थापक नेमून व आपल्या नावाचा पद्धतशीर उपयोग करून शर्यतचालनास व्यवसायाचे रूप दिले.

प्रायोजकांचा प्रवेश : १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंधन व टायर कंपन्यांनी आपला हात आखडता घेतला. त्याच सुमारास गाड्यांवर मोटारव्यवसायाबाहेरील जाहिराती लावण्यास परवानगी मिळाली आणि १९६८ हे वर्ष या खेळाच्या अर्थकारणातील निर्णायक वर्ष ठरले. १ जानेवारी १९६८ रोजी झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या ग्रां प्रीमध्ये एका स्थानिक संघाच्या गाड्या ‘गन्स्टन’ या सिगारेटच्या रंगात उतरल्या. लोटस संघाचा प्रमुख कॉलिन चॅपमन (१९२८–८२) याने ‘गोल्ड लीफ’ सिगारेटशी करार केला व ब्रिटिश हिरवा रंग पुसून आपल्या गाड्या तांबड्या, पांढऱ्या व सोनेरी रंगांत रंगविल्या. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइम येथे जिम क्लार्क (१९३६–६८) हा त्या काळचा श्रेष्ठ चालक अपघातात मरण पावला, तेव्हा त्याची लोटस गाडी याच रंगांत होती. पुढच्याच महिन्यात ग्रॅहॅम हिल (१९२९–७५) याने स्पेनची ग्रां प्री शर्यत त्याच रंगांत जिंकली.

तंबाखू कंपन्यांनी मोटारशर्यतींकडे धाव घेण्यास कायदेही कारणीभूत होते. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिरातींवर १ ऑगस्ट १९६५ पासून बंदी आली. अमेरिकेत रेडिओ व दूरचित्रवाणी या दोन्हींवर २ जानेवारी १९७१ पासून ती लागू झाली. जी जाहिरात विकत घेऊन दाखविता येत नव्हती, ती शर्यतीचे चित्रण दाखविताना आपोआप दिसू लागली. अमेरिकेतील नॅस्कार या संघटनेची मुख्य स्पर्धामालिका १९७१ पासून २००३ पर्यंत ‘विन्स्टन’ सिगारेटच्या नावाने ओळखली गेली. युरोपात ‘मार्लबरो’ व ‘जॉन प्लेयर स्पेशल’ ही नावे संघांच्या नावांशी एकरूप झाली. दूरचित्रवाणी संस्थांना ही मागील दाराने येणारी जाहिरात खुपत असे. १९७६ साली सर्टीझ संघाच्या गाडीवर ‘ड्युरेक्स’ या संततिनियमनाच्या साधनाचे नाव झळकले, तेव्हा बीबीसीने आपले प्रक्षेपण आवरते घेतले. सिगारेटची नावे मात्र तोपर्यंत पडद्यावर दिसत आलेलीच होती.

चालकाचे नाममुद्रेत रूपांतर : गाडीवरील जागेनंतर चालकाच्या अंगावरील जागा विक्रीस निघाली. पोशाख, शिरस्त्राण, टोपी यांच्या प्रत्येक भागास किंमत आली. स्कॉटलंडचा जॅकी स्ट्यूअर्ट (१९३९–    ) याने मार्क मक्कॉर्मॅक (१९३०–२००३) या अमेरिकन वकिलाच्या क्रीडाव्यवस्थापन संस्थेमार्फत आपले करार केले. नेमके बोलणे, वेळ पाळणे व प्रायोजकाच्या पाहुण्यांत सहज मिसळणे ही त्याची कसबे वाहनचालनाइतकीच प्रसिद्ध होती. याच प्रतिष्ठेचा उपयोग त्याने शर्यतमार्गांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या आंदोलनात करून घेतला. संयोजकांचा रोष पतकरूनही त्याने संरक्षक कठडे व वैद्यकीय सोयी यांचा आग्रह धरला. प्रसिद्धीमुळे चालक परावलंबी होतो, तसेच त्याच्या शब्दाला वजनही येते, ही दुहेरी बाजू स्ट्यूअर्टच्या उदाहरणावरून लक्षात येते.

ऑस्ट्रियाच्या निकी लाउडा (१९४९–२०१९) याने कारकिर्दीच्या प्रारंभी संघात जागा मिळविण्यासाठी बँकेचे कर्ज काढले होते. पैसे देऊन जागा मिळविणाऱ्या चालकांचा वर्ग आजही आहे. लाउडासारखे यश मात्र त्यांतील थोड्यांच्याच वाट्यास आले. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्यूर्बुर्गरिंग येथील अपघातात तो गंभीररीत्या भाजला आणि सहा आठवड्यांच्या आत मोंझा येथे पुन्हा शर्यतीत उतरला. भाजलेल्या मस्तकावरील व्रण झाकण्यासाठी तो नेहमी तांबडी टोपी घालू लागला. पुढे ही टोपी ‘पार्मालात’ या इटालियन दुग्धव्यवसाय कंपनीच्या नावाची जाहिरात झाली व ती जागा तो अखेरपर्यंत विकत राहिला. १९७९ मध्ये निवृत्त झालेला लाउडा १९८२ साली मॅक्लॅरन संघातून परतला. तेव्हा त्याने प्रायोजकास, गाडी चालविण्याबद्दल केवळ एक डॉलर द्यावा व उरलेली सर्व रक्कम आपल्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रसिद्धिमूल्याची समजावी, असे सुनावल्याचे सांगितले जाते. शर्यतचालकाच्या व्यवसायात घडून आलेला पालट यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे.

संघटना व सत्तासंघर्ष : हा वाढता पैसा कोणाच्या हाती राहावा, यावरून १९७० नंतर संघर्ष सुरू झाला. ब्रॅबम संघाचा मालक बर्नी एक्लेस्टन (१९३०–    ) याने निर्माता संघांच्या संघटनेची सूत्रे हाती घेतली. ही संघटना पुढे फोका या नावाने ओळखली गेली. प्रत्येक संयोजकाशी प्रत्येक संघाने वेगळी घासाघीस करण्याऐवजी सर्व संघांच्या वतीने एकच रक्कम ठरवावयाची व त्या बदल्यात ठराविक संख्येने गाड्या उतरविण्याची हमी द्यावयाची, ही त्याची पद्धत होती. विधिज्ञ मॅक्स मोझली (१९४०–२०२१) हा त्याचा सल्लागार होता. दुसऱ्या बाजूस एफआयए या आंतरराष्ट्रीय महासंघाची क्रीडाशाखा फिसा आणि तिचा फ्रेंच अध्यक्ष झां-मारी बालेस्त्र (१९२१–२००८) हे होते.

या संघर्षात चालकांच्या कर्तव्यांचा वापर शस्त्रासारखा करण्यात आला. १९८० साली बेल्जियम व मोनॅको येथील शर्यतींपूर्वीच्या सक्तीच्या बैठकांस फोका संघांचे चालक गैरहजर राहिले. फिसाने त्यांना दंड केला. तो न भरल्यामुळे परवाने रद्द करण्याचा प्रसंग आला आणि त्यातून त्या वर्षीची स्पेनची ग्रां प्री अजिंक्यपदाच्या गणनेतून वगळली गेली. अखेरीस मार्च १९८१ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. महासंघाचे कार्यालय पॅरिसमधील ज्या चौकात होते, त्यावरून तिला ‘काँकर्ड करार’ असे नाव पडले. नियम करण्याचा अधिकार महासंघाकडे राहिला व दूरचित्रवाणीच्या हक्कांचा व्यवहार फोकाकडे आला. १९८७ च्या करारानुसार दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील ४७ टक्के वाटा संघांना, ३० टक्के महासंघाला व २३ टक्के एक्लेस्टनच्या व्यवस्थापन संस्थेला मिळे. संयोजकांकडून येणारे शुल्कही त्या संस्थेकडेच जाई व तिने त्यातून पारितोषिके द्यावयाची असत. या तडजोडीत चालकांना पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

क्यालामी येथील संप : चालकांची उपेक्षा किती झाली होती, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. जानेवारी १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्यालामीच्या शर्यतीपूर्वी ‘सुपर लायसन्स’ या परवान्याच्या अर्जात नवी कलमे घालण्यात आली. चालकास एका संघाशी बांधून टाकणारे कलम त्यांत होते. एका संघातून दुसऱ्यात जाण्याचे स्वातंत्र्य हेच चालकाचे सौदाबळ असल्याने लाउडा व चालकांचा प्रतिनिधी डिड्ये पीरोनी यांनी विरोध संघटित केला. जवळजवळ सर्व चालक बसमधून जोहॅनिसबर्गमधील एका हॉटेलात गेले व फूट पडू नये म्हणून एकाच दालनात गाद्या टाकून त्यांनी रात्र काढली. त्यांच्यापैकी एल्यो द आंजेलिस याने पियानो वाजवून सहकाऱ्यांचे मनोरंजन केले. दुसऱ्या दिवशी समेट झाला व २३ जानेवारीस शर्यत पार पडली. परंतु ती संपताच संपात सामील झालेल्यांवर दंडाची व निलंबनाची कारवाई करण्यात आली. अपिलात ती पुढे सौम्य झाली.

अमेरिकेतील अनुभव याहून कठोर होता. नॅस्कार ही स्थापनेपासून (१९४८) फ्रान्स या कुटुंबाच्या नियंत्रणाखाली राहिली. १९६१ साली कर्टिस टर्नर याने चालकांची कामगार संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्यावर आजन्म बंदी घालण्यात आली. ती १९६५ मध्ये उठविली गेली. १९६९ साली टॅलाडेगा येथील नव्या शर्यतमार्गावर टायर सुरक्षित नसल्याच्या कारणावरून रिचर्ड पेटीच्या नेतृत्वाखाली प्रमुख चालकांनी बहिष्कार घातला, तरी इतर चालकांना घेऊन शर्यत पार पाडण्यात आली.

प्रसिद्धिकर्तव्यांचे स्वरूप : दूरचित्रवाणी हा उत्पन्नाचा मुख्य स्रोत झाल्यावर चालकाची उपस्थिती ऐच्छिक राहणे शक्य नव्हते. प्रक्षेपण संस्थेला गाड्यांइतकेच चेहरे व शब्द हवे असतात [⟶ दूरचित्रवाणी]. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्यक्ष सरावाच्या आदला दिवस, म्हणजे सामान्यतः गुरुवार, मुख्यतः माध्यमांसाठी असतो. नियामक संस्थेने निवडलेले चालक त्या दिवशी अधिकृत पत्रकार परिषदेस बसतात. इतरांच्या मुलाखती ठरलेल्या जागी होतात. पात्रता फेरी व शर्यत यांनंतर पहिल्या तीन चालकांना कॅमेऱ्यापुढे मुलाखत व पत्रकार परिषद अनिवार्य असते, तर बाकीच्यांना कुंपण घातलेल्या कक्षात एकेका प्रक्षेपण संस्थेच्या प्रतिनिधीपुढून जावे लागते. गाडी बंद पडलेला अथवा अपघातातून सुखरूप बाहेर आलेला चालकही यास अपवाद नसतो. शिवाय शर्यतीपूर्वीचे संचलन, स्वाक्षऱ्यांचे कार्यक्रम व प्रायोजकांच्या पाहुण्यांच्या भेटी असतात. संघाशी झालेल्या करारात प्रायोजकांच्या कामासाठी वर्षातील ठराविक दिवस राखलेले असतात.

१९५० साली अजिंक्यपदाच्या शर्यती सात होत्या. २०२४ मध्ये त्या चोवीस झाल्या. त्या प्रमाणात ही कर्तव्येही वाढली. त्यांतून एक ठरीव भाषा निर्माण झाली. संघाचे आभार मानावेत, प्रायोजकास दुखवू नये, गाडीतील दोष उघड बोलू नये, असे तिचे संकेत होत. संघाचा प्रसिद्धि-अधिकारी चालकाशेजारी ध्वनिमुद्रक घेऊन उभा असतो, तो शब्दांचा विपर्यास झाल्यास पुरावा असावा म्हणून. या वातावरणात फिनलंडच्या किमी रायकोनन याचा मितभाषीपणा हाच लोकप्रियतेचे कारण ठरला, हे लक्षणीय आहे.

वाणीवरील नियंत्रण : चालकाने बोलावे अशी सक्ती एकीकडे वाढत असताना त्याने काय बोलू नये याचे नियमही वाढत गेले. १९८९ साली सुझुका येथे अपात्र ठरविण्यात आल्यावर ब्राझीलच्या आयर्तॉन सेना (१९६०–९४) याने अधिकाऱ्यांवर पक्षपाताचे आरोप केले. त्याला एक लाख डॉलर दंड झाला व आरोपांपासून माघार घेणारे निवेदन निघाल्यावरच १९९० च्या हंगामासाठी त्याचा परवाना मंजूर झाला. १३ सप्टेंबर २०२० रोजी इटलीत मुजेल्लो येथे लुइस हॅमिल्टन याने ब्रिओना टेलर हिच्या पोलिसांकडून झालेल्या हत्येचा निषेध करणारा सदरा घालून विजयमंच गाठला. त्यानंतर विजयमंचावर शर्यतीचा पोशाख गळ्यापर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघाला. या आदेशामुळे पोशाखावरील प्रायोजकांची नावे पूर्णपणे दिसत राहिली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महासंघाने राजकीय, धार्मिक व वैयक्तिक स्वरूपाच्या वक्तव्यांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथील पत्रकार परिषदेत मॅक्स व्हर्स्टापेन याने असभ्य शब्द उच्चारल्याबद्दल त्याला लोकोपयोगी कामाची शिक्षा झाली. त्यावर त्याने पुढील अधिकृत परिषदेत एकदोन शब्दांत उत्तरे दिली व पत्रकारांना बाहेर येऊन भेटण्यास सांगितले. नियमाने उपस्थिती मिळविता येते, मनमोकळेपणा मिळविता येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. मे २०२५ मध्ये महासंघाने अशा गैरवर्तनाचा मूळ दंड दहा हजारांवरून पाच हजार यूरोंवर आणला.

मालकीतील बदल : यूरोपीय आयोगाने केलेल्या चौकशीनंतर एफआयएने नियमन व व्यापार ही कार्ये वेगळी करण्याचे मान्य केले. २००१ साली तिने फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क २०११ पासून पुढील शंभर वर्षांसाठी एक्लेस्टनच्या कंपनीस सु. ३१ कोटी डॉलरना दिले. त्यानंतर या कंपनीचे भाग बँका व गुंतवणूकसंस्था यांच्या हातांतून फिरले आणि जानेवारी २०१७ मध्ये ते अमेरिकेच्या लिबर्टी मीडिया या कंपनीने घेतले. कर्जासह या व्यवसायाचे मूल्य तेव्हा ८०० कोटी डॉलर धरण्यात आले. दरम्यान तंबाखूचा काळ ओसरला होता. ब्रिटनमधील मजूर पक्षास एक्लेस्टनने दिलेली दहा लाख पौंडांची देणगी व त्यानंतर मोटारशर्यतींना तंबाखू जाहिरातबंदीतून मिळू घातलेली सवलत यांवरून १९९७ साली मोठे वादंग झाले व देणगी परत करण्यात आली. यूरोपीय संघाची बंदी ३१ जुलै २००५ पासून अमलात आली.

नव्या मालकांनी चालक व संघ यांच्यावर समाजमाध्यमांवर चित्रफिती प्रसिद्ध करण्याबाबत असलेले निर्बंध सैल केले. मार्च २०१९ पासून नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ या मालिकेने चालकांचे स्वभाव, हेवेदावे व अपयश हीच विक्रीची वस्तू केली. तिच्यामुळे अमेरिकेत नवा प्रेक्षक मिळाला. तथापि आपल्यातील वितुष्टे कृत्रिमपणे रंगविली जातात, अशी तक्रार करून व्हर्स्टापेनने काही काळ तिच्याशी असहकार केला. २०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर १४·५ कोटी डॉलरची मर्यादा आली. चालकांची वेतने व विपणनाचा खर्च तीमधून वगळण्यात आले. म्हणजे यंत्रावरील खर्च आवरता घेतला गेला, पण प्रसिद्धीवरील खर्चाला मर्यादा राहिली नाही.

भारत : या अर्थकारणाशी भारताचा संबंध मुख्यतः २००५ नंतर आला. त्या वर्षी नारायण कार्तिकेयन हा टाटा समूहाच्या पाठबळावर जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. उद्योगपती विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया हा संघ २००८ ते २०१८ या काळात स्पर्धेत होता. आर्थिक अडचणींमुळे तो प्रशासकाकडे गेला. या संघाने २०११ साली भारतभर घेतलेल्या शोधमोहिमेतून निवडलेल्या मुलांपैकी मुंबईचा जेहान दारूवाला पुढे फॉर्म्युला टू शर्यतींत विजयी झाला. मात्र फॉर्म्युला वनचे दार त्याला उघडले नाही. मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ २०१४ पासून विद्युत् मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत भाग घेत आला आहे.

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्गावर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे भारतीय ग्रां प्री झाली व तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटल विजयी ठरला. भारतीय संयोजक जेपी समूह याला शर्यत भरविण्याच्या हक्काबद्दल दर वर्षी ४ कोटी डॉलर द्यावे लागत. प्रक्षेपण, शर्यतमार्गावरील जाहिराती व उच्चभ्रू पाहुण्यांची व्यवस्था यांचे हक्क मात्र फॉर्म्युला वनच्याच संलग्न कंपन्यांकडे जात. संयोजकाच्या पदरात मुख्यतः तिकिटांचे उत्पन्न राही. उत्तर प्रदेश शासनाने दिलेल्या करमणूक करमाफीचा वाद २०११ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचला व तिकीटविक्रीच्या २५ टक्के रक्कम वेगळी ठेवण्याचा आदेश झाला. खेळ की करमणूक, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक न राहता कराचा प्रश्न बनला. पुढे २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वनच्या ब्रिटिश कंपनीचा व्यवसाय या शर्यतमार्गावरूनच चालत होता व तो तिचा भारतातील स्थायी व्यवसायतळ ठरतो, असा निर्णय दिला. त्यामुळे तिचे येथील उत्पन्न करपात्र ठरले. शर्यत कोणाची, या जुन्या प्रश्नाचे हे एक न्यायालयीन उत्तर होय.

मूल्यमापन : प्रायोजक व दूरचित्रवाणी यांच्या पैशामुळे मोटारशर्यती केवळ श्रीमंतांची हौस राहिल्या नाहीत, संघांना स्थैर्य आले, वैद्यकीय व सुरक्षाव्यवस्था सुधारली आणि चालकांना पूर्वी कल्पनातीत असे उत्पन्न मिळू लागले. त्याचबरोबर चालकाचे शरीर, वेळ व शब्द हे करारातील मोजता येणारे घटक झाले. १९८२ साली एका दालनात रात्र काढणाऱ्या चालकांनी विचारलेला प्रश्न आपण विकतो ते कौशल्य की स्वतःला, असा होता. पुढील चार दशकांत उत्पन्नाच्या वाटणीचे अनेक करार झाले. पण चालकांना त्यांत पक्षकाराचे स्थान मिळाले नाही आणि त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक चालकास आपल्या परीने शोधावे लागले. शर्यतीची गाडी वेगाने धावते तोवर तिच्यावरील नावे प्रेक्षकास नीट वाचताही येत नाहीत. गाडी थांबल्यावर चालक शिरस्त्राण काढून बोलू लागतो, तेव्हाच ती स्पष्ट दिसतात. या व्यवसायाची मदार मुख्यतः त्या क्षणावर आहे.